रेलिंग हलतं ते पायात

पन्हाळ्याच्या वाटेवर आमचं जुनं घर आहे, मागच्या दारातनं परसात उतरायला सात पायऱ्या, जांभ्याच्या, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ असं धरतंय की मांजरसुद्धा जपून पाय टाकतं. आईचे गुडघे कुरकुरायला लागले तसं म्हटलं धरायला काहीतरी पाहिजे. सुतार उद्या येतो, उद्या येतो म्हणत राहिला, मग मीच केलं. पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळालं, दोन खांब कमी पडले ते नवीन घेतले, सगळे सिमेंटात गाडले, वरचा दांडा खिळ्यांनी ठोकला, लय भारी दिसत होतं. दोन पावसाळे काढले आणि तिसऱ्यात नवीनपैकी एक खांब हातात आला. वरचं लाकूड ठणठणीत, कुजलं होतं ते फक्त सिमेंटच्या तोंडाशी चार बोटं.

आता तिथंच का? तर लाकूड म्हणजे बारीक उभ्या नळ्यांची मोळी, कारखान्याला चाललेल्या ट्रॉलीत ऊस लावलेला असतो तशी. झाड जिवंत असताना ह्याच नळ्यांतनं पाणी वर चढायचं, लाकूड कापलं तरी त्या नळ्या तशाच राहतात, म्हणून बाजूनं पाणी हळूहळू आत जातं पण कापलेल्या टोकातनं ते भसाभस ओढलं जातं. माझ्या खांबाचं टोक सिमेंटच्या खड्ड्यात होतं, म्हणजे मी त्याला भांड्यात उभं केलं आणि वरनं पावसानं भांडं भरत ठेवलं. लाकूड कुजवणारी बुरशी ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली असला की काही करू शकत नाही, पण तिला पाण्यासोबत हवापण लागते. विहिरीच्या तळाला जांभळाचं नाहीतर उंबराचं लाकूड घालायची जुनी रीत होती, ते कायम पाण्यात असून टिकतं कारण तिथं हवा पोचत नाही. जमिनीलगत मात्र पाणीपण आहे आणि हवापण, बुरशीला जेवणाचं ताटच. त्यात माझ्या नवीन खांबाला कडेचा पांढरा भाग होता. सागवान टिकतं ते आतल्या पिवळट तपकिरी गाभ्यामुळं, त्यात बुरशीला आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, पांढऱ्या भागात ती जवळजवळ नसतात. सागवान म्हणून पैसे मात्र दोन्हीचे सारखेच मोजले.

दुसऱ्या वेळी खांब गाडलेच नाहीत, पायऱ्यांच्या बाजूच्या काँक्रीटच्या पट्टीला बाहेरनं बोल्टनं आवळले, खालचं टोक जमिनीपासून दोन बोटं वर. इथं दुसरी भानगड सुरू होते, ती तरफेची. समजा पाय घसरला आणि माणसानं दांड्यावर 50 किलोचा आडवा झटका दिला. दांडा खालच्या बोल्टपासून 100 सेंटीमीटर वर आणि दोन बोल्टमध्ये अंतर 10 सेंटीमीटर, तर वरच्या बोल्टवर ओढ येते 500 किलोची, म्हणजे अर्धा टन! तेच दोन बोल्ट एकमेकांपासून 20 सेंटीमीटरवर ठेवले की ओढ 250 वर येते, जादा खर्च शून्य. लोक खांब जाड करत बसतात, पण खांब मधनं मोडलेला मी तरी अजून बघितला नाही, सुटतो तो पायातच. आणि बोल्टच्या डोक्याखाली रुंद वायसर पाहिजेच, नाहीतर डोकं लाकडात रुतत जातं.

खिळ्यांचं तर विचारूच नका. दमट लाकूड थोडं आम्लधर्मी असतं, त्यात लोखंड गंजतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून भोक फाकतं, वर गंजाच्या संगतीनं आजूबाजूचे लाकडाचे धागे पण कमजोर होतात. खिळ्याभोवती काळा डाग पडतो तो घाण नसतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात जे टॅनिन असतं, ज्याच्यावर आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावतात, त्याच जातीची द्रव्यं लाकडात कमीजास्त असतात, लोखंडाशी गाठ पडली की त्यांची शाईच होते, अक्षरशः, जुनी काळी शाई लोखंड आणि टॅनिनचीच करायचे. म्हणून बाहेरच्या कामाला स्टेनलेस, नाहीतर निदान चांगलं जाड जस्त चढवलेलं. स्क्रूला आधी भोक पाडायचं, विशेषतः टोकाजवळ, नाहीतर लाकूड चिरतं. आणि टोकातनं उभ्या धाग्यांत मारलेल्या स्क्रूवर कधी भरवसा ठेवू नये, त्याचे आटे धाग्यांना आडवे कापत जातात, ते बारीक तुकडे ओढ पडली की सुटून येतात, त्यामुळं पकड कमीच.

वरचा दांडा गोल केला, साधारण 4 सेंटीमीटर जाड, कारण मूठ पूर्ण वळली तरच घसरताना धरता येतं, रुंद फळी दिसायला राजेशाही पण हातात येत नाही. गोल असला की पाणी थांबत नाही हा फायदा वेगळा. दांडा खांबांना धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू खालनं मारले, वरनं भोक म्हणजे पावसाला दिलेलं आमंत्रण.

राहिलं तेल. चंदगड आजऱ्याकडं काजूच्या टरफलाचं तेल मिळतं, लाकडाला बेस्ट, कीड फिरकत नाही, पण कातडीला भाजतं, म्हणून ते फक्त खांबांच्या खालच्या टोकाला लावलं आणि दांड्याला जवसाचं. एक सांगून ठेवतो, जवसाच्या तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते सुकताना तापतं आणि आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा.

बोल्ट मे महिन्यात एकदा आवळायला लागतात. पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही पण जाडीत आक्रसतंच, 10 सेंटीमीटर सागवानाला ओल्याचं सुकं होताना दीडेक मिलिमीटर सहज, आणि तेवढ्यानं नट ढिला पडतो. पहिल्या मे मध्ये पाना घेऊन बसलो तर पाऊण फेरा फिरला, ह्या वर्षी पाव. आई म्हणाली, "झालं का तुझं, मला टॉवेल वाळत घालायचेत." चारही ओले टॉवेल त्याच दांड्यावर.