सामूहिक प्रोत्साहन योजना (महाराष्ट्र)

मागास भागांत कारखाने काढणाऱ्या उद्योजकांना करसवलती देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना. कारखाने मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात एकवटले होते. ते राज्यभर पसरावेत म्हणून 1964 मध्ये ती सुरू झाली आणि पुढे वेळोवेळी नव्याने जाहीर होत गेली. 1979, 1988, 1993, 2007, 2013 आणि 2019 ही तिची महत्त्वाची रूपे. राज्याने कर सोडला तर गुंतवणूक येते का आणि माणसांना काम मिळते का, या प्रश्नावर महाराष्ट्राचा सहा दशकांचा अनुभव या योजनेत साठलेला आहे.

योजनेचा कणा म्हणजे तालुक्यांचे वर्गीकरण. विकसित भाग ‘अ’ गटात, त्यानंतर ब, क, ड आणि सर्वांत मागास ‘ड+’. शिवाय विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग वेगळे. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी आणि तिची मुदत लांब. विद्युत शुल्क आणि मुद्रांक शुल्क यांतही सूट मिळते. मात्र उद्योजकांची खरी ओढ असे ती विक्रीकरातील सवलतीकडे.

ही सवलत दोन प्रकारची होती: माफी आणि स्थगिती. स्थगितीत कारखानदार गिऱ्हाइकाकडून विक्रीकर नेहमीसारखा घेई, पण सरकारजमा करण्याऐवजी तो अनेक वर्षे स्वतःकडे वापरी आणि नंतर हप्त्यांनी फेडी. म्हणजे हे बिनव्याजी कर्जच. त्याची खरी किंमत किती, हे नंतर न्यायालयात गेलेल्या प्रकरणांतून दिसले. मुदतीआधी एकरकमी भरणा करणाऱ्यांना केवळ आजच्या मूल्याइतकी, म्हणजे पुढे फेडायच्या रकमेची आजच्या घडीला होणारी कमी किंमत भरण्याची मुभा राज्याने दिली, तेव्हा सुल्झर इंडिया या कंपनीचे सुमारे साडेसात कोटी रुपयांचे देणे सुमारे 3 कोटी 37 लाखांत फिटले. उरलेली रक्कम कंपनीचे करपात्र उत्पन्न ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. कागदावर ‘स्थगिती’ म्हटलेल्या सवलतीत निम्म्याहून अधिक कर प्रत्यक्षात सोडल्यासारखाच होता, हे या आकड्यांवरून कळते. अर्थसंकल्पात खर्च म्हणून न दिसणारा हा पैसा होता आणि म्हणूनच त्याची चर्चा कमी झाली.

योजनेच्या यशाचे ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज. बजाज ऑटोचा कारखाना तेथे 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान उद्योगांची वस्ती वाढली. पण वाळूजला सवलतीबरोबर इतरही बरेच काही होते. 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, विकसित केलेले भूखंड होते, जायकवाडीचे पाणी होते, जवळच मोठे शहर आणि अभियांत्रिकीचे शिक्षण होते. गडचिरोलीची गोष्ट उलट आहे. वर्षानुवर्षे सर्वांत मोठ्या सवलती मिळूनही मोठे उद्योग तेथे फारसे फिरकले नाहीत. सुरजागडचे लोहखनिज 2021 पासून नियमित निघू लागले, तेव्हा कुठे त्याच जिल्ह्यातल्या कोनसरीच्या पोलाद प्रकल्पाने वेग घेतला. सवलत हा निर्णयातला शेवटचा घटक असतो, पहिला नव्हे. जमीन, पाणी, वीज, रस्ता आणि कसबी कामगार दोन ठिकाणी सारखेच मिळत असतील, तर करातला फरक पारडे झुकवतो.

म्हणूनच करातला हा फरक सर्वाधिक जाणवतो जवळच्या अंतरावर. दादरा-नगर हवेली आणि दमण येथे विक्रीकर माफ झाला, तेव्हा मुंबईच्या बाजारापासून दूर न जाता प्लास्टिक आणि कृत्रिम धाग्याचे कारखाने सीमेपलीकडे उभे राहिले. अशा सवलतीने देशातले एकूण उत्पादन फारसे वाढत नाही, त्याचा पत्ता तेवढा बदलतो. राज्यांच्या या चढाओढीत सर्वांचाच महसूल बुडत होता. अखेर नोव्हेंबर 1999 मध्ये केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली मुख्यमंत्र्यांची परिषद झाली. 1 जानेवारी 2000 पासून विक्रीकराचे किमान समान दर ठेवायचे आणि नव्या उद्योगांना विक्रीकरावर आधारित सवलती द्यायच्या नाहीत, असे ठरले.

चढाओढ मात्र थांबली नाही. महाराष्ट्राच्याच 2007 च्या योजनेत, उद्योगाने भरलेल्या मूल्यवर्धित कराशी (विक्रीकराच्या जागी आलेल्या कराशी) जोडलेले अनुदान आले. कर माफ करण्याऐवजी तो घेऊन परत द्यायचा, एवढाच बदल. त्याआधी केंद्राने 2003 मध्ये उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशातील नव्या उद्योगांना दहा वर्षांची उत्पादन शुल्क माफी दिली होती. बजाजने 2007 मध्ये उत्तराखंडातील पंतनगरला कारखाना सुरू केला आणि त्याच वर्षी पुण्याजवळच्या आकुर्डीतले उत्पादन बंद केले. 2022 मध्ये तळेगावला अपेक्षित असलेला वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेल्याने महाराष्ट्रात मोठे राजकीय वादळ उठले. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून माघार घेतली आणि तो प्रकल्प उभा राहिलाच नाही.

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि योजनेचा पायाच हलला. या करातला राज्याचा वाटा माल जेथे खपतो त्या राज्याला मिळतो, जेथे बनतो त्या राज्याला नव्हे. त्यामुळे 2019 च्या योजनेत अनुदानाचा हिशेब महाराष्ट्रात विकलेल्या आणि पोहोचवलेल्या मालावरील राज्याच्या वाट्याच्या करावर बेतला गेला. परराज्यात किंवा परदेशात माल पाठवणाऱ्या कारखान्याला हे अनुदान साहजिकच कमी मिळते, जरी कामगार तो इथलेच ठेवत असला तरी.

रोजगाराच्या बाजूने पाहिले तर योजनेचा मोठा दोष तिच्या मापातच आहे. सवलतीची कमाल मर्यादा ठरते ती जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांत घातलेल्या स्थिर भांडवलाच्या टक्केवारीवर. त्यामुळे शंभर कोटींची स्वयंचलित यंत्रे बसवून मोजकी माणसे ठेवणारा कारखाना, दहा कोटींत शेकडो शिलाई कामगारांना काम देणाऱ्या कारखान्यापेक्षा कितीतरी अधिक सवलतीला पात्र ठरतो. विशाल प्रकल्प म्हणून पात्र ठरायला ठरावीक भांडवल किंवा ठरावीक रोजगार, यांपैकी एक अट पुरी केली तरी चालते, परंतु अनुदानाची रक्कम वाढते ती भांडवलाबरोबर. सवलत घेणाऱ्या उद्योगाने एकूण नोकऱ्यांपैकी 80 टक्के आणि पर्यवेक्षक श्रेणीत 50 टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असा नियम आहे. या नियमाने नोकऱ्या कोणाला मिळाव्यात हे ठरते, किती निर्माण व्हाव्यात हे नाही. मागास तालुक्यातील तरुणाला गावाजवळ काम मिळावे हा योजनेचा मूळ हेतू धरला, तर अनुदान भांडवलाऐवजी प्रत्यक्ष दिलेल्या वेतनाशी किंवा भविष्य निर्वाह निधीत नोंदलेल्या नव्या कामगारांच्या संख्येशी जोडणे अधिक योग्य ठरेल.