वजाबाकीत सापडलेली माणसं

युद्धात मेलेल्यांची कुठेतरी एकेक करून नोंद झालेली असते आणि शेवटी बेरीज मांडली जाते, असा आपला समज असतो. दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत संघाचा आकडा पाहिला की तो टिकत नाही. मार्च 1946 मध्ये स्टालिननं 'प्रावदा' या पक्षाच्या वर्तमानपत्राला सुमारे 70 लाख बळी सांगितले. 1961 मध्ये ख्रुश्चेव्हनं स्वीडनच्या पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात ते 2 कोटी झाले. 1990 मध्ये गोर्बाचेव्ह जवळपास 2 कोटी 70 लाख म्हणाले. पहिला आकडा उघडच राजकीय होता. शेवटचा मात्र गणितातून आला, आणि ते गणित बेरजेचं नाही, वजाबाकीचं आहे.

आंद्रेयेव्ह, दार्स्की आणि खार्कोव्हा या तीन लोकसंख्या-अभ्यासकांनी ते मांडलं. जून 1941 मध्ये देशात 19 कोटी 67 लाख माणसं होती. 1945 संपताना त्यांच्यातली 15 कोटी 95 लाख उरली. फरक 3 कोटी 72 लाख. पण युद्ध झालं नसतं तरी साडेचार वर्षांत काही माणसं म्हातारपणानं, आजारपणानं गेलीच असती. 1940 चा मृत्युदर धरला तर ती 1 कोटी 19 लाख होतात. ती वजा करायची. युद्धकाळात जन्मलेल्या आणि एरवी जगल्या असत्या अशा 13 लाख बाळांचे मृत्यू मिळवायचे. उत्तर येतं 2 कोटी 66 लाख.

गणित तिसरीतल्या पोराला जमेल असं. अवघड आहे तो वजाबाकीतला पहिला आकडा, जून 1941 च्या लोकसंख्येचा.

1937 च्या जनगणनेत 16 कोटी 20 लाख लोक भरले. स्टालिनच्या अपेक्षेपेक्षा हे फार कमी होते, कारण मधल्या दुष्काळानं लाखो माणसं नेली होती. जनगणना रद्द झाली आणि तिचं काम पाहणाऱ्या ओलिम्पी क्वित्किनना गोळी घातली गेली. 1939 मध्ये पुन्हा मोजणी झाली, आकडा 17 कोटींच्या वर गेला. आधीच्यांचं काय झालं हे ठाऊक असलेल्या माणसांनी तो काढला होता, हे विसरू नये. तो थोडा फुगवलेला होता असं अभ्यासक मानतात. त्यानंतरची जनगणना थेट 1959 ची. म्हणजे 1945 अखेरची लोकसंख्याही मोजलेली नाही, पुढून मागे हिशेब करत काढलेली आहे.

त्यात सरहद्दी सरकल्या. 1939 मध्ये सोव्हिएत संघानं पूर्व पोलंड गिळला. तिथं मेलेला माणूस पोलंडच्या सुमारे 60 लाखांतही येतो आणि सोव्हिएत आकड्यातही. देशवार तक्ते घेऊन सरळ बेरीज मारणारे इथंच फसतात.

सैनिकांचा हिशेब तरी पक्का असेल? 1993 मध्ये रशियन जनरल क्रिवोशेयेव्ह यांच्या गटानं लष्करी कागदपत्रांवरून 86,68,400 हा आकडा दिला. पण 1941 मध्ये कीव आणि व्याझ्माच्या वेढ्यांत सापडलेल्या तुकड्यांचे अहवाल पाठवायला कुणी उरलंच नव्हतं. बेपत्ता आणि कैद मिळून या गटाचा आकडा सुमारे 45 लाख, तर जर्मन नोंदींत नुसते कैदीच 57 लाखांच्या आसपास. भरतीचा हुकूम मिळाला पण तुकडीत पोचण्याआधीच पकडले गेले असे सुमारे 5 लाख वेगळेच. त्यांना सैनिक म्हणायचं की नागरिक? प्रश्न शब्दांचा वाटतो, पण नागरिकांचा आकडा एकूणातून सैनिक वजा करून निघतो. सैन्याच्या रकान्यातून गळालेला माणूस गुपचूप नागरिकांच्या रकान्यात जाऊन बसतो.

शिस्तीसाठी नावाजलेल्या जर्मनांचंही शेवटी तेच झालं. 1945 मध्ये त्यांची नोंदयंत्रणा कोसळली. रूडिगर ओव्हरमान्स या इतिहासकारानं बर्लिनच्या दफ्तरातल्या सैनिकांच्या कार्डांतून नमुना निवडून अंदाज बांधला, तेव्हा मृत सैनिक 53 लाख निघाले, आधीच्या अंदाजांपेक्षा दहाएक लाख जास्त. एकट्या जानेवारी 1945 मध्ये साडेचार लाख.

मला स्वतःला शेवटच्या अंकापर्यंत नेमके आकडे पाहिले की संशय येतो. लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीनं 6,32,253 माणसं मेली, असं न्यूरेंबर्गच्या खटल्यात सांगितलं गेलं. पुढे इतिहासकारांचे अंदाज 8 ते 10 लाखांपर्यंत गेले. ते ओबडधोबड दिसतात, पण जास्त विश्वासार्ह तेच.

आणि भुकेनं मेलेला माणूस युद्धाचा बळी का? सोव्हिएत पद्धतीत हा प्रश्न येतच नाही. नेहमीपेक्षा जास्त मेलेले सगळे युद्धाचे. हीच फूटपट्टी आपल्याकडे लावली तर 1943 चा बंगालचा दुष्काळ युद्धाच्या खात्यात जाईल. सरकारी चौकशी आयोगानं त्यात 15 लाख मृत्यू धरले, नंतरच्या अभ्यासकांनी 21 ते 30 लाख. महायुद्धातली भारताची हानी म्हणून आपण सहसा सांगतो ते फक्त सुमारे 87,000 सैनिक.

सोव्हिएत सैनिकाला एबोनाइटची, म्हणजे कडक काळ्या रबराची, छोटी डबी दिलेली असे, आत नाव-पत्ता लिहायचा कागद. तो भरला की मरण ओढवतं, अशी समजूत होती, म्हणून कित्येकांनी तो भरलाच नाही. 1942 च्या अखेरीस डब्याच बंद झाल्या. रशियातली शोधपथकं आजही रणभूमी उकरतात. हाडांजवळ डबी सापडली की ती जपून उघडतात, आणि पुष्कळदा आतला कागद कोरा निघतो.