स्विचच्या पोर्टवर एवढ्या सेटिंग्ज आल्या कुठून?

संगणकांचं जाळं जोडणारा नवा स्विच खोक्यातून काढला, वीज दिली, केबल खोचली की बहुतेक वेळा हिरवा दिवा लागतो आणि काम सुरू होतं. पण त्याच पोर्टचं सेटिंगचं पान उघडलं की स्पीड, डुप्लेक्स, व्हीलॅन, स्पॅनिंग ट्री अशी रांगच लागते. एवढ्याशा भोकासाठी एवढं सगळं? यातली जवळपास प्रत्येक ओळ कुणाच्या तरी जुन्या डोकेदुखीची खूण आहे.

मुळात इथरनेटला, म्हणजे संगणक तारेने जोडायच्या या पद्धतीला, पोर्ट नव्हतेच. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी त्याची सुरुवात केली, तेव्हा सगळी यंत्रं एकाच केबलला लोंबकळत. पुढे १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये ही केबल चांगली बोटाएवढी जाड झाली. तिच्यावर दर अडीच मीटरला खूण असे आणि त्या खुणेवर टोचा घालून आतल्या तारेपर्यंत पोचायचं. ठरवण्यासारखं काही नव्हतं. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा, दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प बसून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा.

१९९० मध्ये टेलिफोनसारख्या पीळदार तारांचं मानक आलं आणि मधोमध हब बसला. दिसायला पोर्ट आले, पण हब म्हणजे आतून तीच जुनी केबल. एका पोर्टवर आलेलं बाकी सगळ्यांच्या गळ्यात मारायचा. त्याच वर्षी ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा इथरस्विच आणला. हे नाव संस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं. मराठी कानाला मात्र ते त्या यंत्रालाच दिल्यासारखं वाटतं. कुठल्या पत्त्याचं यंत्र कुठल्या पोर्टमागे आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि मजकूर तेवढ्याच पोर्टवर सोडतो. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली.

आता पोर्टवर एकच यंत्र असेल, तर टक्कर होणार कुणाशी? मग एकाच वेळी बोलायला आणि ऐकायलाही हरकत नाही. हाच फुल डुप्लेक्स, आणि खरी भानगड इथूनच सुरू झाली.

१९९५ मध्ये १०० मेगाबिटच्या मानकासोबत ऑटो निगोशिएशन आलं. दोन्ही टोकं आपापली कुवत सांगतात आणि त्यातल्या त्यात उत्तम पर्याय निवडतात. सुरुवातीला वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांचं हे बोलणं धड जुळत नसे. वैतागून लोकांनी स्विचवर ‘१०० फुल’ असं ठोकून टाकायची सवय लावून घेतली. बऱ्याच उपकरणांवर असं केलं की पोर्ट बोलणीच थांबवतो. समोरचं ऑटोवरचं यंत्र सिग्नल पाहून स्पीड ओळखतं, डुप्लेक्स मात्र त्याला कळत नाही; आणि कळलं नाही तर हाफ, म्हणजे एका वेळी एकतर बोलणं नाहीतर ऐकणं, धरायचं, असं मानकच सांगतं. झालं! एक टोक फुल, दुसरं हाफ, दिवे दोन्हीकडे हिरवे. पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघायची छोटी चाचणी, व्यवस्थित चालतं, मोठी फाइल टाकली की रांगायला लागते. कारण हाफवालं टोक आपण बोलत असताना समोरचा बोलला की टक्कर झाली समजून अर्ध्यात थांबतं. त्याच्या काउंटरवर लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) चढतात, फुलवाल्याकडे तुटके तुकडे पोचून सीआरसी एरर (मजकूर बिघडून आल्याची नोंद). ही जोडी दिसली की केबल बदलत बसण्याआधी डुप्लेक्स तपासावा. १९९९ मध्ये तांब्याच्या तारांवरून गिगाबिट आलं आणि तिथे बोलणी सक्तीची झाली. तरी ठोकायची सवय काही सुटत नाही.

क्रॉस केबलची कटकट त्यामानाने सुखाने संपली. स्विचला स्विच जोडायला उलटसुलट तारांची वेगळी केबल लागे. ऑटो एमडीआय-एक्स ही सोय आल्यावर पोर्ट स्वतःच जोड्या बदलून घेऊ लागला.

लूपचं तसं नाही. दोन स्विचमध्ये दोन केबल टाकल्या की ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेला मजकूर, गोल गोल फिरत राहतो. त्यावरचा उपाय, जादा वाट बंद ठेवणारा स्पॅनिंग ट्री, राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच, स्विचचा पूर्वज असलेल्या ब्रिजच्या जमान्यात दिला होता. मूळ पद्धतीत पोर्ट सुरू होण्याआधी १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो. तोवर समोरचा संगणक आयपी पत्ता मागून थकलेला असतो. म्हणून संगणकाच्या पोर्टला ही वाट पाहणं टाळणारं ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ सेटिंग लावतात. त्या पोर्टला दुसरा स्विच जोडू नये.

राहता राहिला व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी जाळी. १९९८ च्या ८०२.१ क्यू मानकाने फ्रेममध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक पाकिटात, ४ बाइटचा टॅग घातला. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे, म्हणून वापरता येणारे व्हीलॅन ४०९४. संगणकाला सहसा टॅगशी देणंघेणं नसतं, त्याला अ‍ॅक्सेस पोर्ट. दोन स्विचमध्ये बरेच व्हीलॅन एकाच केबलवरून न्यायचे असतील तर ट्रंक. खोक्यातून नुकत्याच काढलेल्या स्विचचे पोर्ट मात्र सहसा सगळेच व्हीलॅन १ मध्ये, बिनटॅगचे असतात. म्हणजे तुम्ही हात लावेपर्यंत ब्रॉडकास्ट आजही, हबवर जायचा तसाच, सगळ्यांकडे जातो.