वाद आणि भांडण एकच नाहीये हां

"आमच्यात वाद झाला" आणि "आमचं भांडण झालं" ही दोन वाक्यं आपण सर्रास एकाजागी एक वापरतो आणि बऱ्याचदा खपूनही जातं, पण एक छोटी टेस्ट करून बघा. दोघं जण चार दिवस एकमेकांशी बोलत नाहीयेत, तिसऱ्यानं विचारलं काय रे काय झालं, तर उत्तर येतं "अरे, त्यांचं भांडण आहे". वाद आहे असं तिथे कोणी म्हणत नाही, कारण तोंड बंद ठेवून वाद होतच नाही, भांडण मात्र अबोल्यातही मस्त चालू राहतं, उलट जास्तच मुरतं.

हे शब्दाच्या मुळातच आहे. वाद आला संस्कृत 'वद्' वरून, म्हणजे बोलणे, बस, त्यात राग वगैरे काही नाही. संवाद, अनुवाद, आशीर्वाद आणि आपला धन्यवाद पण ह्याच घरातले. जुन्या न्यायसूत्रांत (कोर्टाचं नाही, तर्कशास्त्राचा संस्कृत ग्रंथ) तर चर्चेचे तीन प्रकारच पाडलेत. खरं काय ते शोधायला दोन्ही बाजू मांडून पुराव्यानिशी बोलणं तो वाद, जिंकायचंच म्हणून बोलणं (शब्दात पकडणं वगैरे सगळं चालतं) तो जल्प, आणि स्वतःची बाजू मांडायचीच नाही, नुसतं समोरच्याचं खोडत बसायचं ती वितंडा. आपण वितंडवाद म्हणतो तो इथूनच आलाय, आणि अशी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत एकतरी असतातच.

म्हणजे वाद तेव्हा चांगला इज्जतदार शब्द होता. गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना "वादः प्रवदतामहम्" येतं, वाद करणाऱ्यांमधला वाद तो मी. आणि पुढे रामदासांच्या मनाच्या श्लोकांत बघा, "तुटे वाद संवाद तो हितकारी". म्हणजे सतराव्या शतकात येईपर्यंत बिचारा वाद तुटला तर बरं अशा कॅटेगरीत जाऊन बसलेला.

भांडणाला असा चढउतार नाही. प्राकृतातल्या 'भंडण'चा अर्थही कलहच, तेव्हाही आणि आजही. शिवाय त्याला स्वतःचं क्रियापद आहे, मी भांडले, तो भांडतो. वादाला ते नाही, "मी वादलो" असं कोणी म्हणत नाही, वाद होतो, रंगतो, चिघळतो नाहीतर आपण तो घालतो. आणि मराठीत आपण अजून काय काय घालतो, तर गोंधळ, धिंगाणा, हुज्जत! म्हणून "वाद घालू नकोस" ऐकलं की चर्चा करू नकोस असं नाही, आता गप्प बस असंच ऐकू येतं. मला तर वाटतं वादाची अर्धी बदनामी ह्या 'घालणे'नंच केलीये.

दोघांमधली रेघ नेमकी कुठे असते ते बघायचं तर पंख्याचं घ्या. "पाचवर ठेव ना, तीनवर नुसता फिरतो, हवाच येत नाही." "अरे पण पाचवर खडखड किती करतो, झोप लागत नाही." इथपर्यंत वाद, पंख्याबद्दल चाललंय. मग येतं, "तुला ना, नेहमी तुझंच खरं करायचं असतं." झालं! पंखा बाजूला राहिला, माणूस मध्ये आला, आता मागच्या दिवाळीचं पण निघणार. 'नेहमी', 'तुला ना', 'त्या वेळी पण' हे शब्द आले की समजायचं वाद संपून भांडण लागलंय.

म्हणूनच वादाला समोरासमोर माणसं नसली तरी चालतं. शिवाजी महाराजांचा जन्म 1627 चा की 1630 चा हा तारखेचा वाद, त्याला भांडण म्हणून बघा, कसं विचित्र वाटतं. महाराष्ट्र-कर्नाटकाचाही सीमावादच, सीमाभांडण नाही. पेपरवाले मात्र ह्याचा गैरफायदा घेतात, "किरकोळ वादातून हाणामारी", आता तिथे कोण पुराव्यानिशी चर्चा करत होतं? पण छापायला वाद जरा सभ्य दिसतो.

सरकारी मराठीत तिसराच शब्द, तंटा. 2007 ला गावोगावी मोहीम निघाली ती तंटामुक्तीची, आणि कृष्णेच्या पाण्यासाठी 1969 ला नेमला तो पाणी तंटा लवाद. आणि हो, ह्या लवादात 'वाद' दिसतो म्हणून फसू नका, त्याचा वद् शी काही संबंध नाही, तो शब्द पोर्तुगीजमधून आलाय.