वजन उतरलं, आता स्नायू राखा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देऊन जातो: आता रोज चालायचं. पणजीचा असेल तर मिरामारला, मडगावचा असेल तर फातोर्ड्याला. सल्ला वाईट नाही. पण ज्याच्या दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली आहे, लहानपणीच्या पोलिओनं ज्याचा एक पाय बारीक राहिला आहे किंवा अपघातानंतर जो व्हीलचेअरवर आहे, त्यानं या सल्ल्याचं काय करायचं? असे रुग्ण थोडे नाहीत. हालचाल कमी म्हणून वजन वाढतं आणि वजन वाढलं म्हणून हालचाल आणखी कमी होते, या चक्रात अडकूनच बरेच जण शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेले असतात.

या सल्ल्यामागचं गृहीतकच तपासायला हवं. चालायचं ते वजन उतरवायला, असं सगळे धरून चालतात. पण पहिल्या वर्षात वजन उतरवायचं काम शस्त्रक्रिया स्वतःच करते. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात उतरतं. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तो भागच जातो, त्यामुळे रक्तातलं घ्रेलिन घटतं आणि भूक मंदावते. या काळात व्यायामानं वजनात पडणारा जादा फरक लहान असतो, ताकदीत पडणारा मात्र मोठा. म्हणून व्यायामाचं काम वेगळं आहे: स्नायू वाचवणं, आणि दुखण्याला सरावलेल्या मज्जासंस्थेला हालचालीची पुन्हा सवय लावणं. ही दोन्ही कामं खुर्चीत बसूनही होतात.

वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा सगळी चरबीच जात नाही. उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो. त्यात पाणी असतं आणि स्नायूही. ही घट पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त. जड शरीर वाहून नेणं हाच मांड्यांचा रोजचा व्यायाम होता, तोही आता हलका झालेला असतो. धडधाकट माणसाला स्नायूंतली थोडी घट पचते. पण ज्याच्या शरीरात ताकद मोजून-मापून शिल्लक आहे, त्याच्या बाबतीत त्या थोड्यावरच सगळं ठरतं: खुर्चीतून स्वतः उठता येणं, पलंगावरून व्हीलचेअरवर सरकता येणं, घराच्या जोत्याच्या तीन पायऱ्या चढता येणं.

स्नायू टिकवायला दोन गोष्टी लागतात, भार आणि प्रथिनं. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम, शरीराच्या आकारानुसार ८० किंवा त्याहून जास्त. आपल्याकडे आजाऱ्याला पहिली आठवते ती पेज. पोटाला ती मऊ, पण वाटीभर पेजेत प्रथिनं दोन-तीन ग्रॅमच. १०० ग्रॅम बांगड्यात ती १८ ते २० ग्रॅम असतात. एका वेळी मूठभरच खाणं जातं, तेव्हा ताटातला क्रम बदलायला हवा: आधी मासा, मग उरलेल्या जागेत शीत, म्हणजे भात. सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहार) पाळणाऱ्यांनी त्या दिवसांचा हिशेब आधीच मांडून ठेवावा. अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर पनीर, दही, मूग, चवळीचं तोंडाक. श्रावण महिनाभर असतो आणि स्नायू काही महिनाभर थांबत नाहीत.

आता दुखण्याकडे वळू. वजन उतरलं की दुखणं जाईल, ही आशा अर्धीच खरी ठरते. गुडघ्यांचं गणित तर उत्साह वाढवणारं आहे. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल ज्येष्ठांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात (२००५) दिसलं, की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. शिवाय चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत असतात, तीही घटतात. तरीही १० अमेरिकी रुग्णालयांतल्या २,२२१ रुग्णांचा मागोवा घेणारा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो, की पहिल्या वर्षी सुमारे ५८ टक्के लोकांच्या अंगदुखीत जाणवण्याइतकी सुधारणा होती. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवर आलं. म्हणजे जवळपास निम्म्यांच्या वाट्याला तसा दिलासा आला नाही.

याची कारणं दोन. झिजलेली कूर्चा वजन उतरल्यानं परत उगवत नाही, हे एक. दुसरं कारण मज्जासंस्थेत आहे. मज्जासंस्थेचे अभ्यासक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूमधल्या पेशी अतिसंवेदनशील होतात आणि एरवी ज्याकडे दुर्लक्ष झालं असतं अशा साध्या स्पर्शालाही जोरात प्रतिसाद देतात. एकदा चोरी झालेल्या वाड्यावरचा कुत्रा नंतर पोस्टमनवरही भुंकतो, तसं हे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात या वाढलेल्या संवेदनशीलतेचा वाटा बऱ्याचदा असतो. दुखणं खोटं नसतं, ‘मनाचं’ तर नसतंच. फक्त त्याचा जोर आणि सांध्याची खरी इजा यांचं प्रमाण सुटलेलं असतं. म्हणून व्यायाम करताना दुखलं की लगेच काहीतरी बिघडलं, असं नाही. आणि दात-ओठ खाऊन रेटलं की सुधारेल, असंही नाही.

मग माप कोणतं लावायचं? फिजिओथेरपिस्ट सहसा दुसऱ्या दिवसाकडे बघायला सांगतात. व्यायाम करताना दुखणं दहापैकी एक-दोन अंकांनी वाढलं आणि २४ तासांत मूळ पातळीवर उतरलं, तर मात्रा बरोबर. दुसऱ्या सकाळीही चढलेलंच असेल, सांधा सुजला असेल, तर मात्रा जास्त झाली. व्यायाम सोडायचा नाही, कमी करायचा. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान चांगल्या दिवशी होतं. चवथीच्या आदल्या दिवशी बरं वाटतं म्हणून माटोळी बांधण्यापासून नेवऱ्या तळण्यापर्यंत सगळं उरकायचं आणि मग चार दिवस पलंगावर. दहा मिनिटांनी दुखणं उसळत असेल तर सहा-सात मिनिटांवर थांबावं, चांगल्या दिवशीही आणि वाईट दिवशीही तेवढंच. आठवडाभर जमलं की थोडंसं वाढवावं. हे कंटाळवाणं आहे, पण शांतपणे घातलेल्या या सवयीनंच मज्जासंस्थेचा हालचालीवरचा विश्वास परत येतो.

गुडघ्यांसाठी सुरुवात अगदी बेताची. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती पाच सेकंद खाली दाबायची आणि सोडायची. सांधा जवळजवळ हलत नाही, पण मांडीचा स्नायू काम करतो. पुढे खुर्चीतून उठणं-बसणं. जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी टाकून उंची वाढवायची. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मात्र सावध राहायला हवं. बायपासनंतर इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या जठर-आतड्याच्या नव्या जोडावर व्रण पाडू शकतात, त्यातून रक्तस्रावही होऊ शकतो. फार्मसीत सहज मिळणाऱ्या काही मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर इबुप्रोफेन असतं, म्हणून पाकिटावरची नावं वाचावीत. आधी कोणती गोळी चालत होती याला आता अर्थ नाही. सर्जनला नव्यानं विचारावं.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या अडचणी सर्वसाधारण माहितीपत्रकांत क्वचितच सापडतात. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जड उचलू नका, असं त्यांत सरसकट लिहिलेलं असतं. पण पलंगावरून खुर्चीत जाताना हा माणूस दर वेळी स्वतःचंच वजन उचलतो, पोटाच्या स्नायूंवर ताण देतो. तेव्हा सरकायला गुळगुळीत फळी वापरायची की दुसऱ्याचा आधार घ्यायचा, हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून सराव केलेला बरा. रक्ताच्या गुठळ्या टाळायला इतरांना पहिल्याच दिवशी चालवतात किंवा पंजे वर-खाली करायला सांगतात. ज्यांचे पाय हलतच नाहीत त्यांच्यासाठी गुठळीरोधक इंजेक्शन आणि पायांवर दाब देणारं साधन यांचा विचार आधीच व्हावा लागतो.

पुढे व्यायाम सुरू झाला की खांदे जपायचे. खुर्ची ढकलणं ही पुढे रेटण्याची हालचाल. ती दिवसभर होतच असते. त्यामुळे व्यायामात मागे ओढण्यावर भर हवा. खिडकीच्या मजबूत गजाला रबरी पट्टा अडकवून दोन्ही कोपरं मागे खेचणं, खांद्यांची पाती एकमेकांजवळ आणणं. नाडीचे ठोके मोजून श्रम ठरवण्यापेक्षा बोलून बघावं: बोलता येतं पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा असेल किंवा हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर ठोक्यांचा आकडा तसाही फसवा असतो.

आणखी एक गोष्ट, चांगल्या बातमीतून निघणारी. वजन उतरतं तेव्हा बैठकीच्या हाडांवरची गादीही उतरते. जी उशी वर्षभरापूर्वी बरोबर होती, तिच्यावर आता दाबव्रण होऊ शकतो. कृत्रिम पाय वापरणाऱ्याच्या खुंटाचा घेर घटतो, खोबण सैल होते, घासते. अशक्त पायाला आधार म्हणून बांधायच्या कॅलिपरचंही तेच. व्यायाम वाढवण्याआधी ही मापं नव्यानं घ्यावी लागतात, कदाचित वर्षात दोनदाही.

पोलिओचं गणित आणखी निराळं. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला ते आज आपल्यात मध्यमवयात किंवा म्हातारपणात आहेत. त्यांच्या काही चेतापेशी मेल्या, उरलेल्यांनी नवे फाटे फोडून अनाथ झालेले स्नायुतंतू सांभाळले, आणि अनेक दशकं जादा काम केलं. त्या पेशी आता थकतात. अशा पायाला थकेपर्यंत व्यायाम देणं चूक आहे. थोडं करावं, विसावा घ्यावा, पुन्हा थोडं करावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अपंग व्यक्तींसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र शिफारशी आल्या. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम हे त्यांतलं लक्ष्य, पण काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, हेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

गोव्यात एक सोय मात्र भरपूर: पाणी. मे महिन्यात सांधे धरलेली वयस्कर माणसं खाऱ्या पाण्यात बसायला किनाऱ्यावर येतात, ही जुनी रीत. मीठ सांध्यात शिरून काही करत नाही. काम करतो तो पाण्याचा शरीर उचलून धरणारा जोर. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार येतो, छातीएवढ्या पाण्यात पाव ते एक तृतीयांश, गळ्याएवढ्यात एक दशांश. जमिनीवर दोन पावलं नको म्हणणारा गुडघा पाण्यात दहा मिनिटं चालतो. शिवाय पाण्याचा दाब पायांची सूज थोडी ओसरवतो. वाळूत काठी रुतते, लाट तोल घालवते आणि पावसाळ्यात समुद्रात उतरणं धोक्याचंच, म्हणून पणजीतल्या कांपालसारखा तरण तलाव जास्त भरवशाचा. टाके पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कुठल्याच पाण्यात उतरू नये. आणि एक गंमत: चरबी तरंगते, स्नायू बुडतो. पूर्वी आरामात तरंगणाऱ्याला वजन उतरल्यावर पाय खाली जाताना दिसतात, थंडीही लवकर वाजते. घाबरून जाऊ नये, तरंगपट्टा घ्यावा.

दमट हवेचा त्रास वेगळा. घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही. सैल पडलेल्या कातडीच्या घड्यांत ओल राहून खाज आणि बुरशी येते. घड्या कोरड्या ठेवाव्यात आणि पहाटेचा वेळ धरावा. लहान पोटात गटागटा पाणी मावत नाही, म्हणून तहान लागायच्या आधीपासून घोट-घोट प्यावं. बायपासनंतर जेवल्यावर एक ते तीन तासांनी काहींची साखर अचानक उतरते. व्यायामात थरथर, दरदरून घाम आला तर थांबून साखर तपासावी. फेणीबद्दल एवढंच, की बायपासनंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, आणि कुबड्यांवर तोल सांभाळायचा असतो.

शेवटी, नव्या अशक्तपणाला आळस म्हणू नये. ब-१२ जीवनसत्त्व शोषायला जठरातलं एक प्रथिन लागतं, ते आता कमी पडतं. कमतरतेत पाय बधिर होतात, तोल जातो. मधुमेहानं किंवा जुन्या इजेनं ज्याचे पाय आधीच बधिर आहेत, त्याच्या हे लक्षातच येत नाही. ड जीवनसत्त्वाच्या अभावानं मांड्या ढिल्या पडतात, हाडं दुखतात. वारंवार उलट्या होऊन चालताना झोकांड्या जायला लागल्या किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर ब-१ ची कमतरता असू शकते; त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. एरवी ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, किंवा आधाराशिवाय किती वेळा पलंगावरून व्हीलचेअरवर जाता येतं, हे दर महिन्याला वहीत तारखेसह लिहावं आणि तपासणीला जाताना वही न्यावी. आकडा घसरत असेल तर व्यायाम वाढवायच्या आधी रक्त तपासून घ्यावं.