राजगिऱ्याचे लाडू

राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या पाकात बांधून केलेला लाडू. महाराष्ट्रात तो मुख्यतः उपासाचा पदार्थ आहे. राजगिरा हे गवतवर्गीय तृणधान्य नाही, माठाच्या कुळातल्या झाडाचे बी आहे, त्यामुळे तांदूळ-गहू वर्ज्य असलेल्या दिवशीही तो चालतो. बाजारात पाकिटातले लाडू बारा महिने मिळतात. ताजी लाही आणि तूप घालून घरी केलेल्या लाडवाची खुसखुशी मात्र त्यांत क्वचितच असते.

राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत आस्तेक लोक त्याचे पीठ मधात किंवा घायपाताच्या (अगेव्हच्या) पाकात मळून देवतांच्या मूर्ती घडवत आणि विधीनंतर त्या वाटून खात. स्पॅनिश सत्ता आल्यावर हे विधी दडपले गेले, पण राजगिरा टिकला. तिथे आजही लाह्या आणि पाक यांची ‘आलेग्रिया’ नावाची वडी विकली जाते. हा आपल्या लाडवाचा सख्खा भाऊच म्हणायचा. अमेरिकेत हॅलोविन आणि नाताळच्या सुमारास मक्याच्या लाह्यांचे गोळे करतात, त्यांचेही तंत्र हेच: कोरडी लाही आणि घट्ट पाक.

लाह्या

राजगिऱ्याचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. कढईत तो तापला की आतल्या ओलाव्याची वाफ होते, दाब वाढतो आणि दाणा फुटून पांढरा होतो. जुना, फार वाळलेला राजगिरा म्हणूनच नीट फुटत नाही. अशा राजगिऱ्याला पाण्याचा हलका हबका मारून, चोळून, अर्धा तास झाकून ठेवावे. हाताला ओल लागेल इतके पाणी झाले तर दाणे कढईला चिकटतात. त्याआधी राजगिरा चाळून, निवडून घ्यावा. त्यातली बारीक रेती डोळ्याला दिसत नाही, दाताखाली मात्र लगेच कळते.

लोखंडी किंवा जाड बुडाची कढई मोठ्या आचेवर कोरडीच तापवावी. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो पसरून न जाता गोळी होऊन नाचू लागला की कढई तयार. एका वेळी एकच चहाचा चमचा राजगिरा टाकावा आणि सुती फडक्याच्या पुरचुंडीने भराभर फिरवत राहावे. दहा-पंधरा सेकंदांत दाणे तडतडून फुलतात. ते उडून बाहेर पडतात, म्हणून दुसऱ्या हातात झाकण हवे. फुलताक्षणी कढई रिकामी करावी, नाहीतर लाही करपून कडवट होते. दाणे न फुटता नुसतेच लालसर होत असतील तर कढई कमी तापली आहे किंवा एकदम जास्त राजगिरा पडला आहे. नॉनस्टिक भांडे इतके कोरडे तापवू नये.

शेवटी लाह्या रव्याच्या चाळणीने चाळाव्यात. न फुटलेले गणंग खाली पडतात, लाह्या वर राहतात. याचा कंटाळा करू नये. खाताना दातात अडकतात ते हेच गणंग.

पाक

१०० ग्रॅम लाह्यांना १५० ग्रॅम चिरलेला गूळ, एक चमचा तूप आणि दोन मोठे चमचे पाणी पुरते. शक्यतो चिकट, चिक्कीचा गूळ घ्यावा. साखरेपेक्षा गूळ इथे सोयीचा, कारण त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असल्याने पाक सहसा दाणेदार होत नाही. गूळ मध्यम आचेवर विरघळला की गाळून घ्यावा आणि मंद आचेवर पुन्हा उकळायला ठेवावा.

लाडू जमणे न जमणे इथे ठरते. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून पाहावा. पसरला तर पाक कच्चा. गोळी झाली पण बोटाने दाबताच चपटी होत असेल, तरी अजून थांबावे. गोळी घट्ट राहिली आणि ताटलीत टाकल्यावर टण आवाज आला की तो गोळीबंद पाक. तापमान १२० ते १३० अंश सेल्सिअस. गोळी काचेसारखी कट्‌कन मोडू लागली तर पाक चिक्कीचा झाला. त्याचे लाडू वळण्याआधीच मिश्रण आवळते. थापून वड्या मात्र छान होतात.

वळणे

गॅस बंद करून वेलचीपूड, हवे तर भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट आणि लाह्या घालाव्यात. उपासासाठी करताना डाळे घालू नयेत. लाह्या किंचित कोमट असाव्यात, गार लाह्यांत पाक पडताच गोठतो आणि सगळीकडे लागत नाही. लाही चुरडणार नाही अशा बेताने कालवून हाताला तूप लावावे आणि मिश्रण गरम असतानाच लिंबाएवढे लाडू वळावेत. या मापात पंधरा-सोळा होतात. पाण्याचा हात लावला तर चटका कमी बसतो, पण पाणी जास्त झाले की लाही मऊ पडते. आधी सैल गोळा करून ठेवायचा आणि सगळे झाले की एकेक हलके दाबून गोल करायचा, म्हणजे मिश्रण हातचे जात नाही. मध्येच आवळले तर पातेले अर्धा मिनिट मंद आचेवर धरावे.

लाडू फुटत असतील तर पाक कच्चा राहिला किंवा लाह्या जास्त झाल्या. दगडासारखे झाले तर पाक पुढे गेला. कच्च्या पाकाचे लाडू दुसऱ्या दिवशी चिकट होतात. गूळ हवेतली ओल ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात चांगले लाडूही लवकर सादळतात. पूर्ण गार झाल्यावरच ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. कोमट भरले तर झाकणाला वाफ धरते.