स्मोकी आय

स्मोकी आय : डोळ्यांच्या रंगभूषेची एक पद्धत. पापणीच्या केसांच्या मुळाशी रंग सर्वांत गडद ठेवतात, भुवईकडे जाताना तो फिका करत नेतात आणि त्याची कड कुठेही दिसू देत नाहीत. धूर हवेत विरतो तसा रंग त्वचेत विरला पाहिजे. नाव त्यावरूनच पडले. काळे डोळे म्हणजे स्मोकी आय हा समज अपुरा आहे. तपकिरी, वांगी, मोरपिशी किंवा तांब्याच्या रंगानेही ही भूषा उत्तम साधते, आणि कड विरली नसेल तर कितीही काळे लावले तरी ती साधत नाही.

डोळ्यांभोवती गडद रंग लावण्याची चाल फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रिया आणि पुरुष दोघेही गॅलेना या शिशाच्या खनिजाची काळी पूड आणि मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाची हिरवी पूड डोळ्यांना लावत. आजच्या स्मोकी आयचे जवळचे मूळ मात्र मूकपटांत आहे. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळा रंग पांढुरका टिपत असे, त्यामुळे निळे डोळे पडद्यावर निस्तेज दिसत. भोवतीचा भाग गडद केला की नजर उठून येई. 1915 च्या ‘अ फूल देअर वॉज’ या मूकपटातील अभिनेत्री थेडा बारा हिचे काळ्या वलयातले डोळे त्यामुळेच लक्षात राहिले. 1922 मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर इजिप्तचे वेड पसरले आणि त्या दशकातील पाश्चात्त्य तरुणींनी ही भूषा पडद्यावरून रस्त्यावर आणली. पुढे 1960 च्या दशकात आणि 1990 नंतर ती पुन्हा पुन्हा फॅशनमध्ये आली.

मराठी घराला यातला मुख्य पदार्थ परका नाही. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे पालथे घालून काजळ धरायचे, जमलेली काजळी खरवडून तुपात खलायची, ही रीत अनेक घरांत होती. काजळी म्हणजे अपुऱ्या ज्वलनातून उरलेला अतिसूक्ष्म कार्बन. आजच्या पेन्सिलीत मेण आणि तेलांमध्ये कार्बन ब्लॅक किंवा काळे लोह ऑक्साइड असते. दोन्हींत स्निग्धांश असल्यामुळे उष्णतेने आणि घामाने ते पसरते. ‘काजळ पसरलंय, पूस आधी’ हे वाक्य प्रत्येक मुलीने ऐकलेले असते. स्मोकी आयमध्ये तेच पसरणे हवे असते, फक्त ते हाताच्या ताब्यात ठेवावे लागते. या भूषेचे सगळे कसब त्या ताब्यात आहे.

प्रथम पापणीवर प्रायमर (रंग धरून ठेवणारा तळथर) किंवा कन्सीलर (डाग झाकणारा त्वचेच्या रंगाचा लेप) यांचा पातळ थर देऊन तो पावडरीने बसवतात. कोऱ्या तेलकट पापणीवरचा रंग तासाभरात घडीत गोळा होतो. मग पापणीच्या खोबणीत, म्हणजे क्रीजमध्ये, त्वचेपेक्षा एक-दोन छटांनी गडद असा मऊ तपकिरी रंग फिरवतात. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात आणि काळ्या रंगाला विरायला जागाच उरत नाही. त्यानंतर केसांच्या मुळाशी काजळाची जाड रेघ ओढून ती सुकण्याआधी लहान ब्रशने वर ओढतात. तिच्यावर गडद आयशॅडो, म्हणजे पापणीला लावायची रंगीत पूड, थापून लावतात, घासून नाही. घासल्याने रंग उडून गालावर पडतो. शेवटी कोरा, फुललेला ब्रश अगदी हलक्या हाताने फक्त कडेवर, लहान वर्तुळांत फिरवत राहतात. यात घाई चालत नाही. खालच्या पापणीला तोच रंग, पण अर्ध्याच रुंदीचा लावतात. तो फार खाली उतरला की चेहरा थकलेला दिसतो. आयशॅडोची पूड गालावर पडतेच, म्हणून डोळे आधी रंगवून फाउंडेशन, म्हणजे चेहऱ्याला लावायचा त्वचेच्या रंगाचा लेप, नंतर लावणे सोयीचे.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते. आपल्याकडे पापण्यांभोवतीची त्वचा बहुधा मुळातच थोडी गडद असते. तिच्यावर थेट राखाडी रंग लावला तर तो राखेसारखा मळकट दिसतो. खाली विटकरी, तपकिरी किंवा वांगी रंगाचा थर दिला तर तोच राखाडी खुलतो. पिवळसर, मंद प्रकाशात बारकावे बुजतात आणि गडद छाया तेवढी टिकते. समारंभांत रात्री ही भूषा शोभण्याचे कारण तेच. मात्र लखलखत्या पांढऱ्या दिव्यांखाली न विरलेली प्रत्येक कड उघडी पडते, म्हणून आरशासमोरचा प्रकाश समारंभाच्या जागेशी मिळताजुळता असावा.

काही काळज्या घ्याव्याच लागतात. पापणीच्या आतल्या कडेवर, म्हणजे वॉटरलाइनवर, अश्रूंना तेलाचा थर पुरवणाऱ्या ग्रंथींची तोंडे असतात. तिथे लावलेल्या काजळाचे कण केसांबाहेर लावलेल्यापेक्षा लवकर अश्रूंत मिसळतात. ज्यांचे डोळे कोरडे पडतात त्यांनी आतली कड मोकळी ठेवावी. केसांच्या मुळांत भरलेला रंगही पुरेशी खोली देतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती रंगभूषेआधी घालावी आणि रंग काढण्याआधी काढावी. सुट्या सुरम्याबाबत अधिक सावध राहावे : पारंपरिक सुरम्यात अनेकदा गॅलेना, म्हणजे शिसे असते आणि ते शरीरात साठते, लहान मुलांना तर विशेष घातक ठरते. अमेरिकेत असा सुरमा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायला परवानगी नाही.

रंग काढताना तेल किंवा तेलयुक्त मेकअप रिमूव्हर लावलेला कापसाचा बोळा मिटल्या पापणीवर काही सेकंद नुसता टेकवून धरतात, मग वरून खाली एकाच दिशेने पुसतात. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचेपैकी आहे, ती चोळू नये. मस्कारा उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत टाकून द्यावा, आणि काजळाची पेन्सिल बहिणीबहिणींतसुद्धा वाटून वापरू नये, कारण डोळे येण्याचा संसर्ग तिच्यावाटे सहज पसरतो.